कान उसने

बिराजदार बाई दारात येऊन म्हणाल्या,
तुमची गाडी कोपऱ्यावर थांबली की
आमचं कुत्रं पलंगाखाली जातंय, गज्जम.
मी त्यांचे ओठ वाचले.
एकतीस वर्षं मागावर काढली की ओठ वाचता येतात,
तेलुगू, कन्नड, मराठी,
शिव्या तर पाठमोऱ्या माणसाच्याही कळतात.

पण मागचा ब्रेक ओरडतो
हे मला ठाऊकच नव्हतं.
जाड आवाज येतात अजून :
ट्रकचा हॉर्न, शटरची आपट,
अक्कलकोट रोडवर दगड उतरवणारा टेम्पो.
बारीक तेवढे गेले.
कधी गेले, हिशेब नाही.
एक दिवस पद्मा म्हणाली, एवढ्या शिट्ट्या झाल्या,
कुकर उतरवला का नाहीत?
तेव्हा कळलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी गाडी मधल्या स्टँडवर घेतली.
ऊन अजून समोरच्या पत्र्यावरच होतं.
रेणुकाला म्हटलं, मी खोलतो, तू ऐक.
ती पायरीवर बसली, चहाचा कप धरून,
परीक्षेला बसल्यासारखी.

ब्रेकच्या दांडीचा नट हातानं फिरला.
एक्सलचा फिरेना.
पान्यावर उभा राहिलो, सगळा मी, बासष्ट किलो,
तेव्हा कुठं सुटला.
चाक बाहेर आलं, ड्रमची प्लेट आली,
आणि आत काय, तर
ब्रेकच्या काळ्या भुकटीत मिसळलेला कापूस.
टॉवेलचा. आमच्याच कारखान्याचा.
माझ्या पँटवरनं, मोज्यांवरनं पडत पडत
तिथंपर्यंत पोचलेला.
छातीतही असाच बसला असेल, असं वाटलं,
पण ते खोलायचा पाना माझ्याकडं नाही.

फुंकर मारू नको, नायना, रेणुका ओरडली,
म्हणजे तोंड मोठं उघडलं तिनं.
ओलं फडकं घेतलं.

लायनर काचेसारखे गुळगुळीत झालेले.
बोट लावलं तर घसरलं.
पॉलिश पेपरनं हळू हळू घासले,
कड जरा तिरपी केली,
कॅमला ग्रीस, अगदी तिळाएवढं,
कारण लायनरला ग्रीस लागलं
तर ब्रेक ओरडणार नाही, पण थांबवणारही नाही.
अशी माणसं मी कारखान्यात पुष्कळ पाहिली.

स्प्रिंग बसवताना अंगठा सोलला.
नट आवळले, दांडी लावली,
गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो.

वाजायलंय?
वाजायलंय.

परत खोललं.
दुसरा लायनर घासायचा राहिला होता खालच्या अंगाला.
परत बसवलं. ऊन आता पायरीवर,
रेणुकानं कप ठेवून डोक्यावर ओढणी घेतली.

वाजायलंय?
थोडं.
थोडं म्हणजे किती?
तिनं चिमूट दाखवली.

नट अर्धा आटा सैल केला.
पुन्हा गेलो, पुन्हा आलो.
तिनं मान हलवली. नाही.

नाही म्हणजे नाही, की बाप घामाघूम झालाय म्हणून नाही?
पोरीवर माझा विश्वास आहे.
पण पद्माही मला सांगत असते,
तुम्ही अजिबात मोठ्यानं बोलत नाही.

म्हणून मुद्दाम कोपऱ्यावर गेलो,
बिराजदारांच्या फाटकासमोर ब्रेक दाबला.
पायाला काही जाणवलं नाही.
एरवी तिथं एक मुंगी चालायची,
तळव्यापासून गुडघ्यापर्यंत.
मी तिला गाडीचं वय समजत होतो.
कुत्रं फाटकाआड आडवं पडलेलं.
त्यानं एक डोळा उघडला,
मला पाहिलं,
मिटला.

कुत्रं कुणाचं मन राखत नाही.

घरी आलो तर रेणुका उठून उभी.
नायना, ब्रेक गेला, आता चेन ऐकू यायली.
कशी वाजते?
ती लाजली. गल्लीत बघितलं, कुणी नव्हतं.
मग ओठ बाहेर काढून, दात मिटून,
गाल हलवत तिनं
चेनचा आवाज काढून दाखवला.

मी नीट बघून घेतला.